खर्रा सोडणाऱ्याच्या हाती काय द्यायचे?

सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर एप्रिल 2016 पासून 85 टक्के जागा आरोग्याच्या इशाऱ्यासाठी राखलेली असते. घेणाऱ्याने दर वेळी ते भयंकर चित्र पाहावे, अक्षरे वाचावीत आणि हात मागे घ्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीपासून नागभीड, ब्रह्मपुरी, मूलपर्यंत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत ज्याचे व्यसन घरोघरी शिरले आहे, तो खर्रा मात्र या अपेक्षेच्या बाहेरच राहतो. खर्रा कारखान्यातून येत नाही. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला जातो आणि त्याच पन्नीत गिऱ्हाइकाला मिळतो. त्या पन्नीवर ना चित्र असते, ना एखादे अक्षर. व्यसन सोडवण्यासाठी सरकारने छापायला लावलेला शब्द, ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग त्याच्यापर्यंत कोणता शब्द पोचवायचा, आणि तो कोणी लिहायचा? माझे उत्तर असे आहे : तो शब्द भीती दाखवणारा नसावा, सोबत करणारा असावा, तो ज्याने स्वतः खर्रा सोडला आहे त्याचा असावा, आणि तो एकट्याने नव्हे, चार जणांत बसून वाचला जावा.

भीतीचा शब्द अपुरा का पडतो, हे आकडेच सांगतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. धूर काढणारे 3.8 टक्के होते, तर खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के; काही जण दोन्हींत मोडतात. याच सर्वेक्षणात देशातल्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक प्रौढांनी सांगितले की, तंबाखू खाल्ल्याने गंभीर आजार होतो हे आपल्याला पटते. म्हणजे अज्ञान हे कारण उरलेले नाही. जबडा उघडेनासा झालेला, तिखटाचा घास लागताच डोळ्यांत पाणी येणारा माणूस आपल्या भागात कुणी पाहिलेला नाही? सुपारीही स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे. एवढे माहीत असूनही जो सोडू शकत नाही, त्याला तीच माहिती पुन्हा ऐकवणे म्हणजे त्याच्या असहायतेवर अपराधाचे ओझे टाकणे होय. आणि ते ओझे हलके करायला तो पुन्हा पानठेल्याकडेच वळतो.

त्याला नेमके काय हवे, हे समजायला निकोटिनची चाल पाहावी लागते. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात लवकर उतरते. साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. म्हणून दिवसाला एका खर्र्यावर कुणाचे भागत नाही. सोडल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, कामात चित्त लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. पण सवयीची जागा दिसली, सवयीचा सोबती भेटला की तलफ नंतरही उठते. मात्र प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते. ती टळली की माणूस वाचला. आयुष्यभराचा निर्धार मोठ्या शब्दांत मागणारी पुस्तके इथे उपयोगी पडत नाहीत. इथे हवे असते एक पान, तलफेच्या त्या काही मिनिटांत वाचून होईल एवढे.

व्यसनमुक्तीच्या बंधुसंघांनी हे फार पूर्वी ओळखले. 1935 मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून जो संघ उभा राहिला, त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे नाव मिळाले ते 1939 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकावरून. सभासद मोजके होते, देश अफाट होता. जिथे माणूस पोचू शकत नव्हता तिथे पुस्तक पोचले. याच वाटेने 1980 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांचे गट जमू लागले आणि पुढे निकोटिन अॅनॉनिमस हे नाव रूढ झाले. या संघाच्या साहित्यात पहिल्या नव्वद दिवसांसाठी लिहिलेली पुस्तिका आहे, वर्षाच्या रोजच्या वाचनाचे पुस्तक आहे, सुटलेल्यांच्या कहाण्या आहेत. लिहिणारे डॉक्टर किंवा उपदेशक म्हणून बोलत नाहीत. आम्हीही अडकलो होतो, आज सुटलो आहोत, उद्याचे उद्या पाहू, एवढेच ते सांगतात. या साहित्याचे नैतिक बळ इथेच आहे. उपदेश वरून खाली येतो आणि ऐकणाऱ्याला लहान करतो. अनुभव शेजारी येऊन बसतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. अनिल अवचटांची गर्द या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाला धीर देतात.

पण नुसते पुस्तक हाती दिले की काम झाले, असा दावा मी करणार नाही; पुरावा तसे म्हणत नाही. जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासांत असे दिसले की, काहीच मदत नसण्यापेक्षा छापील पुस्तिका थोडी उपयोगी पडते, पण तिचा परिणाम लहानच असतो. उलट, गटात बसून केलेल्या उपचाराने सोडणाऱ्यांचे प्रमाण एकट्याने पुस्तिकेवर विसंबणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट भरते. हे अभ्यास मुख्यतः धूम्रपानाचे आहेत आणि त्यातले गट बहुधा प्रशिक्षित माणसांनी चालवलेले आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे. बंधुसंघाबद्दलचा भक्कम पुरावा दारूच्या बाबतीत आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे वळवलेल्यांपैकी वर्षाअखेरीस 42 टक्के पूर्ण दूर राहिले, तर इतर मान्य उपचार घेणाऱ्यांपैकी 35 टक्के. या सगळ्यातून एकच शहाणपण निघते : पुस्तक एकटे दुबळे, माणसांत ठेवले की समर्थ. या मातीला ते पूर्वीपासून ठाऊक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता चिमूर, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या गावांत कपाटात ठेवण्यासाठी घेतली गेली नाही. सामुदायिक प्रार्थनेला जमलेल्यांत ती वाचली गेली, ऐकली गेली. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही ती कानी पडली. म्हणून ‘आमच्याकडे वाचतो कोण?’ हा आक्षेप टिकत नाही. एक जण वाचेल, दहा जण ऐकतील.

दुसरा आक्षेप ईश्वराचा. बारा पायऱ्यांत स्वतःहून मोठ्या शक्तीला शरण जाण्याची भाषा आहे. ती विवेकवाद्याला खटकते आणि ते खटकणे प्रामाणिक आहे. पण ही शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे, अशी मोकळीक संघाने दिलेली आहे. ज्याला देव नको, त्याला समोर बसलेली मंडळी पुरे. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे. महानगरात अनामिक राहता येते. हजार वस्तीच्या गावात सभेला कोण गेले, हे सभा संपण्याआधी कळते. पण खर्रा हे लपून केले जाणारे व्यसन नाही. तो चारचौघांत मागितला जातो आणि चारचौघांत दिला जातो. त्यामुळे नाव लपवण्यापेक्षा, बैठकीत सांगितलेली गोष्ट बाहेर न नेणे, हा नियम आपल्या गावांना अधिक मोलाचा आहे. तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे असतील, जबडा कमी उघडत असेल, तर बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. निकोटिनच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हेही त्यांनाच विचारावे. बंधुसंघ औषधाची जागा घेत नाही.

‘हे सगळे कशाला, बंदी पुरेशी नाही का?’ असेही विचारले जाते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखूवरही घातली. बंदी आवश्यक आहे, ती कठोरपणे पाळलीच गेली पाहिजे. पण चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, हे आपण पाहिले आहे. कायदा बदलतो, व्यसनी माणसाची तलफ मात्र त्या दिवशीही तशीच असते. शेजारच्या गडचिरोलीत 2016 पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेल्या मुक्तिपथ या उपक्रमाने दारू आणि तंबाखू दोन्हींविरुद्ध गावसंघटना आणि उपचार यांची सांगड घातली, ती याच जाणिवेतून. बाहेरून पुरवठा रोखायचा आणि आतून माणसाला बळ द्यायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

तेव्हा सिंदेवाहीला हवी आहे ती आपली स्वतःची एक पातळ पुस्तिका. कॅलिफोर्नियाच्या सिगारेटची भाषांतरित कहाणी इथे पुरणार नाही. रोवणीच्या वेळी बांधीत वाकून खर्रा चघळणारी बाई, तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात निघताना पन्नी खिशात घालणारा मजूर, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर जागताना सोबत्याने पुढे केलेला खर्रा नाकारू न शकणारा तरुण, लग्नाच्या मांडवात पाहुण्याला नाही म्हणता न येणे, हे सारे त्यात यावे. सोडलेल्यांनी ते सांगावे, शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी झाडीबोलीतच लिहून घ्यावे, सांगणाऱ्यांची नावे छापू नयेत. नव्वद दिवसांची नव्वद पाने पुरेत. ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिर उघडे ठेवावे. ज्याने खर्रा सोडला आहे त्या वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे : तुमचा अनुभव ही तुमची खासगी मालमत्ता नाही, तुमच्या गावाचा त्याच्यावर हक्क आहे, तो लिहा, आणि वाचून दाखवायला बसा. आणि ज्याला आजच सोडायचे आहे त्याने पुस्तिका निघेपर्यंत थांबू नये. 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन लावावा, त्याला पैसे पडत नाहीत.