राशीचा रकाना आणि प्रमाण

1988 साली 'लॅन्सेट'मध्ये आयसिस-2 चाचणीचा निबंध छापून आला. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेल्या 17,187 रुग्णांच्या या चाचणीत अ‍ॅस्पिरिनने रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी घटवले. संपादकांना रुग्णांच्या उपगटांचेही आकडे हवे होते. संशोधकांनी त्यांत जन्मराशींचीही भर घातली. मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाहीच, उलट किंचित तोटा! (ही सूर्यरास, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे.) ही थट्टाच होती, पण तिच्यातला प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे. दोन्ही हिशेब चोख असताना एक उत्तर ज्ञान आणि दुसरं योगायोग, हे ठरवलं कोणी?

सॉफ्टवेअरने नक्कीच नाही. एसपीएसएस असो की आर, त्याच्या लेखी राशीचा रकाना म्हणजे एक ते बारा हे संकेतांक. हा आपल्याला विचारलेला पहिला प्रश्न की विसावा, हेही त्याला ठाऊक नसतं. औषधाचा मुळात काहीच परिणाम नसताना, पी-मूल्याची 0.05 ही मर्यादा धरून वीस स्वतंत्र प्रश्न विचारले, तर किमान एक 'लक्षणीय' उत्तर मिळण्याची शक्यता 64 टक्के असते. इतक्यांदा कावळा बसवला की एखादी फांदी तुटायचीच. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, इथे अधिक सावध होते. अग्नीबरोबर धूर कितीही वेळा दिसला, तरी 'जिथे अग्नी तिथे धूर' ही व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्य, ते मानत नाहीत. ओलं सरपण ही त्यातली उपाधी, म्हणजे लपलेली अट, ते दाखवून देतात. अशी उपाधी नुसत्या मोजणीतून सापडत नाही. ती शोधायची हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

ज्योतिषाचा कैवारी म्हणेल, आवडलं ते प्रमाण आणि नावडलं तो योगायोग, हा तुमचाही पूर्वग्रहच. आक्षेप अर्धा खरा आहे. पूर्वज्ञानाशिवाय कुठलाच आकडा वाचता येत नाही. पण इथला भेद आवडीनिवडीचा नाही. अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न रुग्ण घेण्यापूर्वी ठरला होता, राशींचा आकडे हाती आल्यावर. ज्योतिषालाही हाच न्याय लावून झाला आहे. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि हुशार मूल कोणतं, मतिमंद कोणतं, हे ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या 27 जणांची सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढी येतात. मग अनपेक्षित शोध लागायचेच नाहीत का? लागतील, पण नंतर सुचलेल्या प्रश्नाला नवे रुग्ण घेऊन नवी चाचणी द्यावी लागेल. भारतात औषधचाचणीची पूर्वनोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या नोंदवहीत करणं 15 जून 2009 पासून सक्तीचं आहे. ती नोंद सर्वांना खुली असते. छापलेला निबंध वाचताना त्यातला प्रश्न तिच्याशी जरूर ताडून पाहा.