पृष्ठरचना आणि संहितेशी इमान

मुद्रित पृष्ठ हे संहितेचे केवळ वाहन की संहितेचाच एक अंश, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा मुद्रणशास्त्रावर सोपवला. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजेच डीटीपी, रूढ झाल्यानंतर या प्रश्नाची नैतिक बाजू अधिक ठळक झाली आहे. पृष्ठ रचणाऱ्याचा दुसऱ्याच्या शब्दांवर अधिकार किती, आणि त्या अधिकाराबरोबर कोणते दायित्व येते?

खिळ्यांच्या छपाईत हा अधिकार विभागलेला होता. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधी, गॅलीचे प्रूफ निघे, मुद्रितशोधक ते हस्तलिखिताशी ताडून पाही आणि मगच फर्मा यंत्रावर चढे. एक शब्द वाढला तर परिच्छेदाच्या अखेरपर्यंतच्या ओळी हलवाव्या लागत. दुरुस्ती कष्टाची होती, म्हणून ती विचारपूर्वक होई. चुका तेव्हाही होत. परंतु एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असे. १९८५ मध्ये अल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ आले, आणि जुळणी, मांडणी व दुरुस्ती ही तिन्ही कामे एका पडद्यावर, पुष्कळदा एकाच माणसाच्या हाती आली.

गोदावरीकाठचे, अंबड तालुक्यातील शहागड हे छत्रपती संभाजीनगर–बीड महामार्गावरील गाव. अशा गावातील एखाद्या डीटीपी केंद्राची कल्पना करावी. लग्नपत्रिका, निवडणुकीचे पत्रक आणि गावातल्या शिक्षकाचा पहिला कवितासंग्रह एकाच टेबलावर तयार होत आहेत. ज्या गावाला पूर्वी छपाईसाठी शहर गाठावे लागे, त्याला स्वतःचे पान स्वतः रचता येऊ लागले. ही या तंत्राची निर्विवाद देणगी होय. पण कवितेची ओळ रुंदीत मावत नाही, म्हणून ती मोडली जाते. शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात, म्हणून आधीचा एक शब्द गळतो. अर्धा र हाताशी नसतो, म्हणून ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाकी विद्वान ठरतात. पान नीटनेटके दिसते, आणि या नेटकेपणामुळेच चुकीचा संशय येत नाही.

याच नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी मिसळू नये असे बजावले. एकनाथांनीही संहितेला हात लावला होता. मग त्यांच्या आणि पान जुळवणाऱ्याच्या हस्तक्षेपात भेद कोणता? एकनाथांचा हस्तक्षेप संहितेच्या मूळ रूपाकडे जाण्यासाठी होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या नावावर उघडपणे घेतला. पानाच्या सोयीसाठी झालेला बदल उलट दिशेने जातो, आणि त्याला कर्ता नसतो. तेव्हा नैतिक दोष बदलात नसून त्याच्या हेतूत आणि अनामिकतेत आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की सुवाच्य पान हाही वाचकाचा हक्क आहे, आणि रचनाकाराला निव्वळ हमाल मानणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे. समास, टंकाचा आकार, दोन ओळींमधील अंतर यांत रचनाकाराची प्रतिभा मोकळी राहिली पाहिजे. परंतु अर्थ जेथे बदलतो, तेथे हे स्वातंत्र्य संपते. तेथे त्याने लेखकाला विचारले पाहिजे. आणि विचारण्याची सवड मिळावी अशी व्यवस्था करणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे.

प्रश्नाचा दुसरा पदर पडद्यामागे आहे. पेजमेकरच्या काळातील बहुतेक देवनागरी टंकांत संगणक अक्षरे साठवत नसे. अक्षरांच्या तुकड्यांचे क्रमांक साठवी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर नोंदला जाई. पानावर मराठी दिसे. मात्र टंक काढून घेतला की रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग उरे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्येच निश्चित झाले होते, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही तातडीच्या कामात दिसण्याला असण्यापेक्षा अधिक मोल आले. त्या काळातील अशा फायली आज उघडू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्या निर्णयाची किंमत मोजावी लागते. म्हणजे पृष्ठ रचणाऱ्याचे दायित्व समोरच्या ग्राहकापाशी थांबत नाही. ते अजून न जन्मलेल्या वाचकापर्यंत पोचते.

म्हणून पृष्ठ रचणाऱ्याला संहितेचा विश्वस्त मानणे उचित ठरेल. विश्वस्ताला व्यवस्थेचा अधिकार असतो, मालकी नसते. आणि त्याला हिशेब द्यावा लागतो. अंतिम प्रुफावर लेखकाची संमती घेणे, श्रेयपत्रिकेत मुद्रितशोधकाचे आणि रचनाकाराचे नाव छापणे, संहितेची युनिकोडमधील प्रत जपणे, हे त्या हिशेबाचे साधे मार्ग आहेत. पाठचिकित्सेच्या अभ्यासकानेही केवळ हस्तलिखितांतील पाठभेदांवर न थांबता, डीटीपीच्या टेबलावर नकळत निर्माण झालेले पाठभेद आपल्या कक्षेत घेतले पाहिजेत. शहागडच्या त्या कवीचा गळलेला शब्द कुठल्याही हस्तलिखितातल्या गळलेल्या शब्दाइतकाच शोधण्याजोगा आहे.