जंतूचा दोष आणि माणसाचा

एखादा जंतू रोगाला कारण आहे असे म्हणण्यापूर्वी शास्त्र त्याला चार प्रश्न विचारते. तो रोग्यांत नेमाने आढळतो काय? तो वेगळा काढून एकटा वाढविता येतो काय? निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग होतो काय? आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा हाती लागतो काय? रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते. नुसता दिसला म्हणून जंतू दोषी ठरत नाही. माणसाला दोषी ठरविताना आपण एवढी सावधगिरी बाळगतो काय?

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल येथे १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

जंतू कोणता, यात संशय नव्हता. परंतु तो बाटलीत शिरला कुठे, मुंबईत की मलकवालला? सूक्ष्मदर्शकातून हे दिसत नाही. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना संचालकपद सोडावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि धनुर्वाताचा जंतू तर मातीतच राहतो, याला त्या वेळी वजन मिळाले नाही. १९०७ साली, रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पुढे आल्यावर, हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.

त्या एकोणीस घरांना उत्तर हवे होते, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण दुःखाला घाई असते, म्हणून पुराव्यानेही घाई करावी असे नव्हे.

आमच्या रिठदसारख्या गावांतूनही क्षयाचा रोगी थुंकी तपासायला देतो. कागदावर जंतूचे नाव येते. पारावर मात्र नव्या सुनेच्या पायगुणाचे नाव निघते. तिला कोणी एकही प्रश्न विचारीत नाही. प्रयोगशाळेतला माणूस ‘जंतू आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच लिहितो आणि थांबतो. पारावर बसणाऱ्या आपण मंडळींनी त्याचे ते थांबणे तरी शिकावे.