पुस्तक मिटल्यावर स्वाध्याय सुरू होतो

आपण रोज काही ना काही वाचतो. सकाळी पोथी, दिवसभर वर्तमानपत्र आणि मोबाईल, रात्री एखादे पुस्तक. पण आठवड्यापूर्वी वाचलेल्या प्रकरणात काय होते, असे कोणी विचारले तर आपण गप्प होतो आणि स्मरणशक्तीला दोष देतो. खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे: वाचताना आपण स्वतःशी प्रामाणिक होतो का?

एखादा श्लोक दहा वेळा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो. ‘हे मला माहीत आहे’ असे मन म्हणते. परंतु ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याची परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर पहिला गट पुढे होता; आठवड्यानंतर मात्र दुसऱ्या गटाला अधिक आठवले. आणि आपल्या लक्षात राहील असा विश्वास कोणाला जास्त होता? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना! अज्ञान नेहमी ज्ञानाचाच वेष घेऊन येते.

आपल्या पूर्वजांनी म्हणूनच वाचणे आणि आठवणे यांची फारकत होऊ दिली नाही. वेदांच्या क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडून म्हणतात. जटापाठात आणि घनपाठात तीच पदे उलटसुलट येतात. अशा पठणामुळे वेद मुखोद्गत राहिले. पण केवळ पाठांतरावर ते थांबले नाहीत. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला निरुक्तकार यास्कांनी भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. उपनिषदांनी श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगितले, ते याचसाठी.

मग आपण काय करावे?

थोडे वाचा. गीतेचे 700 श्लोक आहेत; रोज एक घेतला तरी दोन वर्षांच्या आत ती पूर्ण होते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि त्यातले सार स्वतःच्या शब्दांत सांगा, घरातल्या कोणाला किंवा वहीला. जिथे अडखळाल, तिथेच पुन्हा उघडा. तेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने आठवून पाहा. एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच दाखवले होते की शिकलेले सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने विसरले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: आज वाचलेल्यातले उद्या मी कुठे वापरीन? क्रोधावरचे प्रकरण तोंडपाठ आहे, पण मुलाच्या हातून दूध सांडले की आपला आवाज चढतो, तर ते प्रकरण अजून वाचून झालेलेच नाही.

पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेताना आपले अज्ञान उघडे पडते. ते अप्रिय वाटते, म्हणून आपण पुढचे पान उलटतो. आज तसे करू नका. एकच परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, डोळे मिटा, आणि पाहा, तुमच्याजवळ खरोखर काय उरले आहे. जे उरेल तेवढेच तुमचे. उद्या त्यात थोडी भर घाला.