चावी दिल्यानंतर

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जमीन हलली आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेकांचा जीव घरानेच घेतला. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यांवर उन्हाळ्यात गारवा देणारं, वर्षागणिक मातीचा थर चढत गेलेलं माळवद. दगडाची धास्ती बसली ती बसलीच. ‘आता सिमेंटचंच घर पाहिजे’ ही मागणी लोकांची होती. पुनर्वसनावर टीका करताना हे विसरू नये.

जागतिक बँकेच्या कर्जाचा मोठा आधार घेऊन ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार सातबाऱ्यावरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका पत्र्याच्या शेडखाली आणलं होतं. नकाशाने पुन्हा ज्याला त्याला आपापल्या पायरीवर बसवलं. यावर लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते पाण्याबद्दल.

घर एकदाच द्यायचं असतं. फीत कापता येते, चावी हातात देताना फोटो निघतो. पाणी मात्र रोज द्यावं लागतं, सांडपाणी रोज काढावं लागतं आणि पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं. सरकार असो वा देणगीदार संस्था, सगळ्यांचा ओढा चावीकडे असतो तो यामुळेच.

जुनी गावं दाट होती. भिंतीला भिंत, बोळातून जेमतेम एक बैलगाडी. नव्या गावांना शहरी वसाहतीचा साचा मिळाला: काटकोनात रस्ते, सुटे प्लॉट, मधे मोकळी जागा. कागदावर देखणंच. पण गाव पसरलं की नळाची लाइन लांबते, गटार लांबतं, दिव्याचे खांब वाढतात. घरपट्टी भरणारी माणसं तेवढीच राहतात. हे सगळं सांभाळायचं ग्रामपंचायतीने, म्हणजे जिच्या तिजोरीत मुळात खडखडाट तिने.

शेवटच्या आळीत पाण्याला दाब नसला की लोक काय करतात, ते मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत बघायला मिळतं. नळाजवळ हात-दीड हात खड्डा खणतात, तोटी काढून टाकतात आणि पाइप खाली घेतात. उतार मिळाला की घागर भरते. पाणी गेल्यावर त्या खड्ड्यात धुण्याभांड्याचं पाणी साचतं आणि रिकामी लाइन ते आत ओढून घेते. पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिली घागर त्याचीच. जुलाबाची साथ आली की आरोग्य खातं क्लोरीनच्या गोळ्या वाटतं. खड्ड्याकडे कोणी बघत नाही, कारण तो कोणत्याच खात्याचा नाही.

संडासाचं तसंच. पुनर्वसित गावांत बांधलेल्या कित्येक संडासांत सरपण आणि गोवऱ्या रचल्या गेल्या. ‘लोकांना सवय नाही’ हे त्यावरचं ठरलेलं सरकारी उत्तर. मला हा प्रश्न सवयीपेक्षा हिशेबाचा वाटतो. पाणी आठ-दहा दिवसांनी येत असेल, तर प्रत्येक वेळी अर्धी बादली ओतणं कोणत्या बाईला परवडेल? ती बादली हापशावरून डोक्यावर आणायची असते तिनेच. पुरुषांनी टमरेल घेऊन निघावं आणि बायकांनी अंधार पडायची वाट बघावी, हा क्रम मग नव्या गावातही चालू राहतो.

आपत्तीतल्या मदतीसाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा. छावणीत हे आकडे फार उपयोगी, निदान जाब विचारायला काही हाती असतं. पण शेतकऱ्याच्या दावणीला बैल असतो आणि उन्हाळ्यात तो एकटा चाळीस-पन्नास लिटर पितो. माणशी हिशेबात बैल बसत नाही, आणि त्याला तहानलेला ठेवून घरातलं कोणी आंघोळ करत नाही.

जी गावं हलवली नाहीत, तिथल्या घरदुरुस्तीची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. तिथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंत कुठे बांधायची, सिमेंट किती लागलं, हे त्या विचारू लागल्या. पुढे त्यांचे गट पाणी आणि स्वच्छतेच्या प्रश्नांकडे वळले. २००१ च्या भूकंपानंतर त्यांतल्या काही जणी अनुभव सांगायला थेट कच्छला गेल्या.

नवं गावठाण आखणाऱ्या समितीत अशा बायका हव्यात, आणि नकाशा मंजूर व्हायच्या आधी, सहीच्या अधिकारासकट हव्यात. ठेकेदाराचं शेवटचं बिलही चावी देताना निघू नये. दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, शेवटच्या आळीतल्या नळाला खड्डा न खणता पाणी येतं का ते बघावं, मग काढावं.