नागसेनाचा रथ आणि सुट्या भागांची मोटार

राजा मिलिंद रथात बसून भिक्खू नागसेनाला भेटायला आला आणि संवाद रंगायच्या आत आपला रथच गमावून बसला. औरंगाबादच्या महाविद्यालयामुळे मिलिंद हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, आणि 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ म्हणजे त्याचे प्रश्न आणि नागसेनाची उत्तरं. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे दांडी का? आस का? चाकं का? सांगाडा, जू, लगाम, पराणी यांपैकी काय? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. मग हे सगळं मिळून रथ? तेही नाही. यांच्याहून वेगळं काही? तेही नाही. तर मग रथ हा नुसता शब्दच उरला, आणि महाराज खोटं बोलताहेत! नागसेनाला अर्थातच रथात रस नाही, त्याला माणसाकडे यायचं आहे. पण वाटेत त्याने जो प्रश्न टाकला तो रथापुरताही सुटलेला नाही: जोडून केलेली वस्तू खरोखर असते, की असतात ते फक्त भाग आणि आपण त्यांना सोयीसाठी एक नाव देतो?

या प्रश्नाची कसोटी घ्यायला प्लॅस्टिकच्या मॉडेल मोटारीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, आणि त्यातही अनेक किटांचे भाग एकत्र करून बांधलेली मोटार, ज्या उद्योगाला छंदवाले 'किटबॅशिंग' म्हणतात. बॉडी एका डब्यातली, इंजिन दुसऱ्या, चासी तिसऱ्या, चाकं कुठल्या तरी जुन्या, अर्धवट सोडलेल्या किटची. अमेरिकेत हा छंद खऱ्या गाड्यांच्या मागोमाग वाढला. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या सजवणाऱ्या बॅरिस बंधूंनी कॅलिफोर्नियात बांधलेली 'हिरोहाटा मर्क' ही गाडी मुळात 1951ची मर्क्युरी. पण तिच्या बाजूची चकचकीत पट्टी ब्यूइकची, मागचे दिवे लिंकनचे आणि पुढे इंजिन कॅडिलॅकचं. मॉडेलच्या कंपन्यांनी हे लवकर ओळखलं. एएमटीने 1958पासून 'थ्री-इन-वन' किट विकायला काढली: एकाच डब्यात मूळ गाडी, सजवलेली गाडी आणि शर्यतीची गाडी अशा तिन्हींचे भाग, बांधता येणार मात्र एकच. उरलेले भाग सुट्या भागांच्या डब्यात जातात आणि पुढच्या गाडीची वाट पाहतात. अमुक भाग अमुक गाडीसाठीच जन्मला, हे कारखान्यालाही ठामपणे म्हणता येऊ नये अशी ही व्यवस्था. तेव्हा 'किटमध्ये सांगितलेली ती खरी गाडी आणि मिश्र भागांची ती बनावट' हा आक्षेप मला पहिल्याच पायरीवर अडखळलेला दिसतो.

नागसेनाच्या यादीत एक सोय लपलेली आहे. दांडी, आस, जू हे सगळे आधीपासूनच रथाचे भाग आहेत. आस कशाला म्हणायचं, हे चाकं आणि सांगाडा ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. नाहीतर ती एक लाकडी काठी. म्हणजे रथ नाकारताना ज्या शब्दांच्या बळावर तो नाकारला, त्यांच्यात रथ गुपचूप बसलेला होता. अभिधर्माचा, म्हणजे बौद्ध तत्त्वविश्लेषणाचा, अभ्यासक यावर लगेच म्हणेल, आम्ही आसही ठेवत नाही, तिचेही कण करतो, खाली फक्त क्षणिक धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूळ घटक, उरतात. ठीक. पण मग भागांवरून संपूर्णाला जाब विचारण्याचा अधिकारही त्याने सोडला, कारण जाब विचारणारे भाग संपूर्णाइतकेच नाममात्र ठरले. किटबॅशिंगमध्ये ही लपवाछपवी चालत नाही. इथे प्रत्येक भागाची नाळ दुसऱ्याच गाडीशी असते, आणि हातातली गाडी त्यांच्यापैकी कुणाच्याच व्याख्येत आधीपासून नसते. ती झालीच, तर त्यांच्या बळावर नव्हे, काही वेळा त्यांच्या विरोधात होते.

विरोधात म्हणजे कसं, ते जवळून पाहू. 1949च्या मर्क्युरीचं छत खाली आणायचं आहे. खऱ्या गाड्यांत हे नेहमी करतात. 1/25 प्रमाणात छताच्या खांबांतून तीन मिलिमीटरची चकती कापली की खऱ्या गाडीवरचे 75 मिलिमीटर गेले. वाटतं, छत तेवढं खाली ठेवलं की झालं. पण विंडस्क्रीनचे खांब वर जाताना मागे झुकतात आणि मागच्या काचेचे पुढे. मधली चकती काढल्यावर वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर बसत नाही. पुढे एक फट, मागे एक फट, आणि छत दोन्ही बाजूंनी आखूड. मग छतच आडवं कापून मध्ये स्टायरीनची पट्टी घालावी लागते, किंवा खांब आणखी वाकवावे लागतात. एवढं झालं की किटमधली काच बसत नाही. काच नवी केली की आतली सीट फार उंच दिसू लागते. यात एकही भाग चुकीचा नव्हता. छत बरोबर होतं, काच बरोबर होती, सीट बरोबर होती. चूक होती ती कुठे? चासीचंही तसंच. या मर्क्युरीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 118 इंच, म्हणजे 1/25मध्ये साधारण 120 मिलिमीटर, आणि तीच चासी 1/24च्या किटमधून घेतली तर 125. पाच मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत. गाडीवर मात्र मागचं चाक मडगार्डाला घासतं. माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे: ज्यात असा दोष असू शकतो जो त्याच्या कुठल्याच भागात नाही, ते नुसतं नाव नाही. नावाला मडगार्ड घासत नाही.

आपल्याकडे या बाजूने सर्वांत चिवट भांडण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, केलं. त्यांच्या मते तंतूंपासून कापड तयार होतं तेव्हा अवयवी नावाचं नवं द्रव्य जन्मतं. तंतूंमध्ये आपसात संयोग असतो, म्हणजे चिकटणं, आणि कापड त्या तंतूंमध्ये समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या नात्याने, राहतं. न्यायसूत्रांतला एक युक्तिवाद तर कुठल्याही मॉडेलकाराला पटावा: एक टोक धरलं की सगळी वस्तू धरली जाते, एक टोक ओढलं की सगळी ओढली जाते, नुसत्या राशीचं तसं होत नाही. पण इथे नैयायिकाच्या बाजूने बोलतानाही जपून बोललं पाहिजे. पॉलिस्टायरीन जोडणारा द्रव दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवतो आणि सुकल्यावर सांधा एकजीव होतो. रेझिनचा भाग तसा विरघळत नाही, त्याला सायनोॲक्रिलेट लागतं, आणि ते दोन पृष्ठभागांना फक्त घट्ट धरून ठेवतं. मग काय, रेझिनचं बॉनेट लावलेली गाडी कमी 'एक' आणि सगळी स्टायरीनची जास्त 'एक'? चाकं तर मुद्दाम चिकटवतच नाहीत, ती फिरायला हवीत. सगळ्या सांध्यांचा लगदा होईपर्यंत द्रव ओतला तर उरेल प्लॅस्टिकचा गोळा, आणि तोही एक टोक धरून उचलता येईलच. एकत्व चिकटण्यातून येत असतं तर तो गोळा सर्वांत परिपूर्ण मोटार ठरला असता. न्यायमताचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण धरण्या-ओढण्याचा पुरावा त्याला पुरत नाही.

बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्तीने नैयायिकांना नेमकं अशाच जागी गाठलं. हात हलला आणि बाकीचं अंग स्थिर राहिलं, तर तो एकच अवयवी हलतो आहे की नाही? एक भाग रंगवला, बाकीचा नाही, तर संपूर्ण रंगलं की नाही? एकाच गोष्टीत दोन्ही कसं बसेल? रंग चढण्याआधीची किटबॅश गाडी म्हणजे जणू याच आक्षेपाचं चित्र: पांढरी बॉडी, काळी चासी, राखाडी रेझिनचं बॉनेट, मध्येच पुट्टीचे वेगळ्या रंगाचे डाग. नैयायिकांनी उत्तर म्हणून 'चित्ररूप' नावाचा स्वतंत्र रंगच मान्य केला, चित्रविचित्र हाच त्या संपूर्णाचा एक रंग. हे उत्तर मला चतुर वाटतं पण गरजेचं वाटत नाही. पुढच्या नैयायिकांतही काहींना ते रुचलं नव्हतं. धर्मकीर्तीचा आक्षेप असं धरून चालतो की एक असायचं तर सगळीकडे एकसारखं असायला हवं. का बरं? प्रायमरचा राखाडी थर दिला की सगळी गाडी एकरंगी होते, पण त्याने ती एक होत नाही. उलट प्रायमरखालीच न मिळालेल्या कडा, सॅंडपेपरचे ओरखडे आणि दोन किटांच्या दारांच्या रेषांमधला बेबनाव उघडा पडतो. म्हणून तर प्रायमर मारतात. एकरंगीपणा आला तेव्हाच गाडी अजून एक झालेली नाही हे कळलं, तर एकत्व आणि एकसारखेपणा या दोन वेगळ्या गोष्टी असल्या पाहिजेत.

याहून अवघड आक्षेप असा: तुम्ही ज्याला गाडीचा दोष म्हणता तो पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. मर्क्युरी कशी दिसावी याचा संकेत अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी ठरवला, आणि संकेत म्हणजेच नागसेनाची प्रज्ञप्ती, सोयीसाठी दिलेलं नाव. यात तथ्य आहे. गाडी किती खाली बसावी हे निसर्ग सांगत नाही. खऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर न्यायालयालाही संकेताकडे वळावं लागलं. 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकणारी बेंटले, 'ओल्ड नंबर वन', पुढे इतकी बदलत गेली की मूळ शर्यतीच्या गाडीतलं फारच थोडं तिच्यात उरलं. 1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे तिच्या विक्रीवरून वाद गेला, आणि न्यायालयाने ती गाडी ओल्ड नंबर वनच असल्याचं मानलं, कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता. बौद्ध वाचक म्हणेल, बघा, संतती म्हणजे नुसता प्रवाह आहे, द्रव्य नाही. मला यातून वेगळी गोष्ट दिसते. कोणती गाडी तीच आहे, हे ठरवताना संकेत लागतो. पण समोर एक गाडी आहे की भंगाराचा ढीग, यावर त्या खटल्यात कुणी वाद घातला नाही. संकेत कुठून आला हेही फारसं महत्त्वाचं नाही. छत किती खाली आणायचं हे बांधणाऱ्याने मनाला येईल तसं ठरवावं. एकदा ठरवलं की खांब कुठे कमी पडतील, हे त्याच्या मनावर राहत नाही.

इथे ईश्वरवादीही पुढे येईल. नैयायिक उदयनाचार्यांच्या परंपरेत जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा, आणि तो आपल्या सामग्रीचा जाणता हवा. मग संपूर्ण हे कर्त्याच्या मनात आधी असतं, असं म्हणून माझा मुद्दा त्याला आपल्या पदरात घेता येईल. पण किटबॅशिंगचा अनुभव त्याला साथ देत नाही. बांधणारा आराखडा घेऊन बसतो खरा, आणि काच बसत नाही म्हटल्यावर आराखडाच बदलतो. तयार होते ती गाडी त्याच्या मनात तशी कधीच नव्हती. कर्ता आहे, पण आपल्या सामग्रीचा पुरता जाणता नाही, आणि तरीही कार्य होतं.

आता नागसेनाच्या खऱ्या लक्ष्याकडे, माणसाकडे. मोटारीच्या बाबतीत नागसेन हरला म्हणून आत्मा जिंकला, असा घाईचा निकाल कुणी लावू नये. नैयायिकांचा आत्मा अवयवी नाहीच. तो निरवयव, नित्य द्रव्य आहे, त्यामुळे रथाच्या दृष्टान्ताचा त्याला फायदाही नाही आणि तोटाही नाही. मोटारीवरून माणसाकडे जाता येईल ते फार तर वात्सीपुत्रीय बौद्धांच्या वाटेने. त्यांचा पुद्गल, म्हणजे व्यक्ती, स्कंधांहून, म्हणजे शरीर-मनाच्या घटकसमूहांहून, वेगळाही नव्हता आणि स्कंधच होता असंही नव्हे, जसा अग्नी इंधनाच्या बाबतीत. बौद्ध आचार्य वसुबंधूने आपल्या अभिधर्मकोशाच्या नवव्या प्रकरणात त्यांची झडती घेतली: पुद्गल द्रव्य आहे की दुधासारखी प्रज्ञप्ती? द्रव्य असेल तर तो प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने कळला पाहिजे. मोटारीपुरतं उत्तर देता येतं, कारण संपूर्णाचा दोष भागांना खाडाखोड करायला लावतो आणि ती खाडाखोड डोळ्यांना दिसते. माणसाच्या बाबतीत असा दोष दाखवावा लागेल जो त्याच्या शरीराचा नाही, एखाद्या वेदनेचा नाही, कुठल्या एका संस्काराचा किंवा विचाराचाही नाही, पण त्याचा आहे. पश्चात्ताप हा त्यातला एक उमेदवार: केलेलं कर्म एका क्षणाचं, करणारा हात एक, पण जे बरोबर बसत नाही असं वाटतं ते सबंध आयुष्यात. वसुबंधू यालाही एक चैत्त, म्हणजे मानसिक, धर्म म्हणून यादीत टाकेल. पश्चात्तापाला त्याच्याकडे 'कौकृत्य' असं नाव तयारच आहे. तेवढ्याने तो प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही, कारण छतातली फटसुद्धा 'फट' म्हणून यादीत टाकता येते, आणि छत तरीही आखूडच राहतं.