स्पर्शावांचून ज्ञान

ज्या वस्तूला आपण कधीं हात लावला नाहीं, तिच्याविषयीं निर्णय देण्याचा अधिकार आपणांस कितपत पोंचतो? प्रश्न जुनाच आहे. आधुनिक शास्त्रानें तो नव्या वेषांत पुढें आणला, एवढेंच.

समुद्राचा खारेपणा आतां आकाशांतून मोजतात. किलोभर समुद्रजलांत साधारण ३५ ग्रॅम मीठ असतें. मिठानें पाण्याची विद्युद्वाहकता वाढते, आणि त्याबरोबर पृष्ठभागावरून निघणाऱ्या क्षीण सूक्ष्मतरंगांत किंचित् फरक पडतो. २००९ सालीं युरोपीय अवकाश संस्थेनें सोडलेला 'स्मॉस' उपग्रह तो फरक टिपण्यासाठींच बनविला होता. ग्रॅमभर मिठाची खूण उबदार पाण्यांतहि उणीपुरी अर्ध्या अंशाची! तिचा अर्थ लावण्यासाठीं आधीं कोणीतरी पात्रांत खारें पाणी घेऊन त्याचे विद्युत्-गुण मोजावे लागले. क्लाइन व स्विफ्ट यांचें १९७७ चें सूत्र तशाच प्रयोगांवर उभें आहे. म्हणजे दुरून पाहण्याच्या मुळाशींहि स्पर्श आहेच. फक्त तो दुसऱ्याचा.

कोणी विचारील, शिरूर-दौंडच्या माणसाला समुद्राशीं काय कर्तव्य? पण त्याच तरंगांनीं तो उपग्रह जमिनीची ओलहि मोजतो. मात्र त्याच्या दृष्टीचा एकेक ठिपका ३५ ते ५० किलोमीटर रुंद, आणि शिरूर ते दौंड सरळ अंतर पंचेचाळिसाच्या घरांतलें. घोडनदीकांठचे मळे, पर्जन्यछायेंतलें कोरडें माळरान, भीमेकांठचा ऊंस, खडकवासल्याच्या कालव्यावर भिजणारीं रानें, सर्व एका आंकड्यांत! आंकडा खोटा नसतो. पण नेमकी तेवढी ओल असलेलें वावर शोधूं गेल्यास एकहि सांपडूं नये, असें घडेल.

पूर्वीं दुष्काळ ठरे तो गांवाच्या आणेवारीवरून. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीनें पाऊस, उपग्रहानें पाहिलेली हिरवळ, मातींतील ओल इत्यादि निर्देशांक पुढें आणले. २०२३ च्या ऑक्टोबरांत राज्यानें जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत शिरूर व दौंड दोन्ही होते. उपग्रहास भीड नसते, गांवचा सोयराहि नसतो. तलाठ्याच्या नजरेपेक्षां तो निःपक्षपाती, हा युक्तिवाद मला हलका वाटत नाहीं. नियमावलींत नमुन्याच्या गांवांची प्रत्यक्ष पाहणीहि आहे. परंतु ती होते निर्देशांकांच्या चाळणींतून पार पडलेल्या तालुक्यांत. चाळणीबाहेर राहिलेल्यांस ती लागू नाहीं.

मला हा क्रम उलटा वाटतो. मदत देतांना चूक झाली तर तिजोरीला थोडी तोशीस पडेल. नाकारतांना झाली तर एखाद्या घरचीं जनावरें बाजारांत जातील. तेव्हां ज्याला नकार द्यावयाचा आहे, त्यानेंच आधीं जवळ जावें. समुद्रावर शास्त्रज्ञ तेंच करतात. 'आर्गो'चे हजारों तरंगते मापक पाण्यांत राहून त्याची वाहकता मोजतात, आणि उपग्रहाचे आंकडे त्यांच्याशीं ताडून पाहिले जातात. यादीबाहेरच्या गांवांतलींहि कांहीं वावरें तशींच ताडून पाहावीं, हें मागणें अवाजवी नाहीं.